नानांच्या होडीला नंबर आहे

माझ्या काकांच्या, म्हणजे नानांच्या होडीच्या पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगात नंबर रंगवलेला आहे. ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा, लांबून वाचता येईल असा. दरवर्षी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की नाना तो नंबर पुन्हा रंगवतात. होडीचं रजिस्ट्रेशन आहे, मासेमारीचा परवाना आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, तेही नानांच्या पाकिटात असतं. समुद्रात कोण, कुठली होडी, किती माणसं, हे सरकारला कळलंच पाहिजे असा नियम आहे, आणि तो योग्य आहे.

गेल्या डिसेंबरात, एका शनिवारी दुपारी, याच होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेल्या नानांच्या पायावरून एक बीच बाईक गेली. चार जाड टायरांची, लाल रंगाची. तिला नंबर नव्हता.

चालवणारा मुलगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. मित्र मागे बसून शूट करत होता. गाडी वाळूच्या उंचवट्यावरून उडाली आणि होडीच्या बाजूला आली. मुलगा वाईट नव्हता. घाबरला, रडला, पाणी आणून दिलं. नानांना रिक्षात घालेपर्यंत तो थांबला आणि मग मित्रांनी त्याला गाडीत बसवून नेलं. नानांच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. सगळं मिळून एक लाख चाळीस हजार खर्च झाला आणि मासेमारीचा सीझन गेला तो वेगळाच.

तक्रार द्यायला मी नानांच्या मुलाबरोबर गेले होते. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “गाडी नंबर?” नाही. “मग गाडी कुठली?” लाल. “लाल तर सहा आहेत तिथे.” खरंच होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. सोमवारी त्यातली एक निळी झाली होती.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही राईड घेतली असणार. मीही घेतली आहे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, कुठेही जा, दोन-तीनशे रुपयांत एक राऊंड मिळतो. लायसन्स कुणी विचारत नाही, वय विचारत नाही. हेल्मेट असलंच तर हँडलला लटकवलेलं असतं. बोर्डवर लिहिलेलं असतं: ‘स्वतःच्या जबाबदारीवर चालवा’. हे वाक्य मला आता छळतं. चालवणाऱ्यानं स्वतःची जबाबदारी घेतली, ठीक आहे. जाळं शिवत बसलेल्या माणसाची कोणी घेतली? त्यानं तर बोर्ड वाचून पैसे भरले नव्हते.

या गाड्यांना नोंदणी आणि विमा सक्तीचा करा म्हटलं की लोक म्हणतात, ‘नवीन कायदा कशाला?’ माझं म्हणणं असं की नव्याची गरज नंतर पाहू, आधी जुना वाचा. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम १४६ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी थर्ड पार्टी विम्याशिवाय मोटार वाहन वापरायचं नाही. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे काय, हे कलम २ मध्ये आहे: जिथे जायचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा, मग ती वहिवाटीची वाट असो वा नसो. समुद्रकिनारा यात बसत नसेल तर मग काय बसतं? भरतीच्या रेषेखालची जमीन तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २०नुसार सरकारच्याच मालकीची. नोंदणीचं कलम ३९ आणखी पुढे जातं. त्यात सार्वजनिक ठिकाण ‘किंवा इतर कोणतंही ठिकाण’ असे शब्द आहेत.

पळवाट कुठे आहे, तर ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत. रस्त्यावर वापरण्याजोगं वाहन म्हणजे मोटार वाहन; फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास वाहन त्यातून वगळलेलं. धंदेवाले आणि विक्रेते याच ओळीवर उभे आहेत: ‘ही रोडची गाडी नाही, ऑफ-रोड आहे.’ बरं. मग ती रोज सकाळी मालकाच्या घरून किनाऱ्यापर्यंत कशी येते? आमच्या गावात तरी डांबरी रस्त्यावरून, शाळेसमोरून येते. खाणीत चालणारे अजस्र डंपरसुद्धा मोटार वाहनच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली म्हटलं. उलट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारातल्या वाहनांना मोटार वाहन करातून सूट दिली. कारण तिथे भिंत होती, गेट होतं, बाहेरच्यांना मज्जाव होता. आमच्या पुळणीला कुठलं गेट? तिथे बायका मासळी सुकवतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि तुम्ही सेल्फी काढता.

‘पण आरटीओ नोंदणी देतच नाही’ हे मात्र खरं आहे. माझ्या शाळेतला एक मित्र हा धंदा करतो. चार गाड्या, त्यातल्या दोन कर्जावर. (नानांच्या पायावरून गेलेली त्याची नव्हती. असती तर हा लेख मी लिहिला असता का, माहीत नाही.) त्याला विमा हवा होता. एजंट म्हणाला, आधी आरसी आण. आरटीओत गेला तर कळलं, या मॉडेलला रस्त्यावर चालवायची मान्यताच नाही, म्हणून नंबर नाही. नंबर नाही म्हणून विमा नाही. विमा नाही म्हणून अपघात झाला की गाडी सुरूच्या बनात, मालक मामाच्या गावी. तो मला म्हणाला, “तुला काय, तू पुण्यात नोकरी करतेस. उद्या माझ्या गाडीखाली कोणी आलं तर मी घर विकू का?” मी म्हटलं, अरे, मी तेच तर म्हणतेय.

कारण विमा नसेल तर नुकसानभरपाई द्यायची जबाबदारी मालकावरच येते. न्यायाधिकरणानं उद्या दहा लाखांचा आदेश दिला तरी दोन गाड्या कर्जावर असलेला माणूस तो फेडणार कुठून? जखमी माणसाच्या हातात कागद राहतो आणि मालकाच्या डोक्यावर दावा. गाडी कुठली हेच कळलं नाही तर कायद्यात ‘हिट अँड रन’साठी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख अशी तरतूद आहे. नानांसाठी आम्ही तोही विचार केला. पण त्यासाठी ती वस्तू मोटार वाहन होती हे आधी कागदावर यायला हवं. आमच्या कागदावर लिहिलंय, ‘वाळूत खेळण्याची गाडी’.

खेळण्याची! तीनशे किलोच्या आसपास वजनाची यंत्रं असतात यातली काही. अमेरिकेत १९८८ साली सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर कंपन्यांनी तीनचाकी एटीव्ही विकणं थांबवलं, इतकी माणसं त्यात जखमी होत होती. चारचाकी राहिल्या, पण मोठ्या इंजिनच्या गाड्यांवर सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही अशी सूचना लागली. आपल्याकडे बाप फोनवर शूट करतो आणि दहा वर्षांचा मुलगा थ्रॉटल पिळतो.

‘अशी गाडी नोंदवायची पद्धतच नाही’ हे मला पटत नाही, कारण जेसीबीला नंबर आहे. जेसीबी काय रोज हायवेवर फिरायला बनवलेला आहे? तो खड्डे खणायला बनवलाय. तरी नियमांत बांधकामाच्या यंत्रांसाठी वेगळा वर्ग केला, त्यांना नंबर दिला, विमा दिला. ट्रॅक्टरचं तेच. अगदी पोलारिस कंपनीनंही काही वर्षांपूर्वी आपली एक एटीव्ही भारतात ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशी आणलीच. वर्ग करायचा ठरवलं की होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सरकारी जमिनीवर ऑफ-रोड गाडी न्यायची तर २०१५ पासून नोंदणी सक्तीची आहे. गाडीला नंबर प्लेट किंवा स्टिकर लागतो, आणि जंगलखात्याच्या रस्त्यांवर थर्ड पार्टी विमाही.

युरोपातली एक गोष्ट यात उलट बाजूनं सांगितली जाते, ती मला माहीत आहे. स्लोव्हेनियातल्या एका शेतात ट्रॅक्टरचा ट्रेलर शिडीला लागून माणूस पडला. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं की खाजगी शेतातल्या अशा वापरालाही विम्याचं संरक्षण हवं. ब्रिटननं २०२२ मध्ये वेगळा कायदा करून ते झुगारलं. मोटरस्पोर्टवाल्यांना हायसं वाटलं. पण झुगारलं ते खाजगी जमिनीपुरतं. सार्वजनिक ठिकाणी विमा तिथे आजही लागतोच. मालकाच्या कुंपणाआड कोणी स्वतःची हाडं मोडत असेल तर माझंही काही म्हणणं नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, सरळ बंदी घाला. त्यात कासवप्रेमीही आहेत, आणि त्यांचं म्हणणं वाळूइतकंच जुनं नि खरं आहे: ज्या पुळणीत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात तिथे चाक फिरूच नये. तेवढ्या जागा वगळाच, वाद नाही. पण बाकी किनाऱ्यांवर बंदीचं काय होतं ते मी लहानपणापासून बघतेय. कारवाईच्या बातम्या येतात, दोन गाड्या जप्त होतात, बाकीच्या ताडपत्रीखाली जातात आणि पुढच्या शनिवारी परत येतात. बंदी असलेल्या गाडीला ना नंबर लागतो ना विमा. धंदा तसाच चालतो, फक्त अपघात झाला की सगळ्यांनाच तो लपवावा लागतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं. मालक वाईट होता म्हणून नाही. बोलला असता तर सगळंच गेलं असतं म्हणून.

‘नोंदणी म्हणजे आणखी एक चिरीमिरीचं टेबल’ असंही मित्र म्हणाला. त्याच्याशी मी वाद घातला नाही. होईलही. पण नंबर हा फक्त साहेबांना वाचता येत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर निदान पन्नास फोन बाहेर होते. नानांच्या अपघाताचे तीन व्हिडिओ मी स्वतः पाहिलेत, एकात तर गाडीच्या मागचा कवटीचा स्टिकरसुद्धा स्पष्ट दिसतो. तिथे कवटीऐवजी चार आकडे असते तर रंग बदलून भागलं नसतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडतोय. गावात चालणाऱ्या प्रत्येक बीच बाईकला ग्रामपंचायतीनं क्रमांक द्यावा, मालकाचं नाव नि फोन नंबर वहीत ठेवावा, गाड्यांसाठी होड्यांपासून लांब पट्टा आखावा, आणि या गाड्यांचा वेगळा वर्ग करून नोंदणी व थर्ड पार्टी विमा सुरू करण्यासाठी परिवहन विभागाला लिहावं. ग्रामपंचायतीच्या क्रमांकाला कायद्यात किंमत नाही, हे आम्हाला सांगून झालंय. सहा मालकांपैकी मित्र आमच्या बाजूनं हात वर करणार आहे, बाकी पाच विरोधात. दिवाळीची बुकिंग सुरू झाली आहेत.

नाना काठी घेऊन येणार आहेत. मांडायचं काय, हे त्यांनी मला परवा सांगितलं: “जास्त बोलू नको. माझ्या होडीला नंबर आहे, त्याच्या गाडीला का नाय, एवढंच विचार.”