नक्कल तेवढी चोरी नव्हे



गाजलेल्या फोटोची नक्कल म्हणजे चोरीच, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत सरसकट पटणारे नाही.

2014 मध्ये छायाचित्रकार सँड्रो मिलर यांनी अभिनेते जॉन माल्कोविच यांना घेऊन डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ हा 1936चा फोटो नव्याने उभा केला. गालाशी टेकलेली बोटे, कपाळावरच्या आठ्या, सारे हुबेहूब. पण लँग यांचे नाव शीर्षकातच आहे. याला चोरी कसे म्हणायचे?

चोरी निराळी असते. आर्ट रॉजर्स यांनी टिपलेले, कुत्र्याची पिल्ले मांडीवर घेतलेले जोडपे एका शुभेच्छापत्रावर छापले होते. शिल्पकार जेफ कून्स यांनी त्यावरचा स्वामित्वहक्काचा मजकूर फाडला आणि ते इटलीतल्या कारागिरांकडे शिल्प करायला धाडले. तीन शिल्पे 3,67,000 डॉलरना विकली गेली. विडंबनाचा त्यांचा बचाव 1992 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने फेटाळला, हे योग्यच झाले.

मुंबईशी जोडलेले उदाहरण तर संतापजनक आहे. मेरी एलन मार्क यांनी 1978 मध्ये फॉकलंड रोडवर काढलेल्या फोटोतली एक व्यक्ती उचलून एका तरुण छायाचित्रकाराने कोलकात्यातल्या स्वतःच्या फोटोत चिकटवली. 2017 मध्ये हे उघड झाले.

शिकण्यासाठी गिरवणाऱ्यांना या पंगतीत बसवू नये. स्पर्धांच्या आयोजकांनी मात्र प्रवेशिकेत ‘हा फोटो कोणाच्या कामावरून सुचला?’ असा रकाना जरूर ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक