वेस आता लिफ्टपाशी आलीय



सध्या आपल्यातल्या नोकरीवाल्या पोरांच्या तोंडी एकच विषय आहे. फ्लॅट. कुणी ठाण्याला घोडबंदर रोडला बघतोय, कुणी कल्याणला, कुणी पुण्यात वाकडला. वन बीएचके, पण 'कॉम्पॅक्ट'. म्हणजे खुराडंच, फक्त नाव इंग्रजी. खाली बाग, पोरांना घसरगुंडी, गेटवर वॉचमन. जाहिरातीत आई, बाप, दोन पोरं दात काढून हसतायत. वर लिहिलेलं, 'फॅमिली वातावरण'.

घ्या. जरूर घ्या. गरिबी पवित्र असते असं आपल्याला शिकवणारे स्वतः चांगल्या प्रशस्त घरांत राहतात. बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत आपल्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. वरळीच्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. खेडी सोडा, शहर गाठा, असं बाबासाहेब सांगत होते ते काय नाल्याकाठी राहण्यासाठी?

माझं भांडण फ्लॅटशी नाही. माझं भांडण त्या 'फॅमिली' शब्दाशी आहे. कुणाची फॅमिली?

मी स्वतः घर शोधत फिरलो. जुन्या सोसायटीतला, परत विकायला काढलेला फ्लॅट होता. एजंट म्हणाला, "नाव?" सांगितलं. "पूर्ण नाव?" सांगितलं. "गाव कुठलं?" तेही सांगितलं. "गावात कुठं?" म्हणजे साला आळी विचारतोय! मग, "व्हेज का नॉनव्हेज?" शेवटी म्हणाला, "साहेब, तो फ्लॅट गेला. मालकाच्या पाव्हण्यानं घेतला." दुसऱ्या दिवशी तोच फ्लॅट त्यानं माझ्या एका मित्राला दाखवला. मित्राचं आडनाव चालणारं होतं.

मनुस्मृती जाळून शंभर वर्षं होत आली. राख एजंटच्या डायरीत शिल्लक आहे.

आता कायदा बघा. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955. त्याचं कलम 4 वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, मिळवायला किंवा त्यात राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड 100 ते 500 रुपये. पाचशे रुपये! लाखांच्या फ्लॅटचं दार बंद करायची ही किंमत. उलट बाजूला 2005 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवलं, ते कोर्टानं चालवून घेतलं. तो निकाल एका छोट्या अल्पसंख्य समाजाचा होता, मान्य. पण ज्यांच्या हाती जमीन आणि पैसा आहे, ते त्या निकालाकडं कुठल्या डोळ्यांनी बघणार, ते सांगायला वकील लागत नाही.

मग आपल्यातले शहाणे तोड काढतात. आडनाव बदला. गावाचं नाव लावा. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून बेडरूममध्ये न्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणा, मित्राकडं चाललोय. पोरीला सांगा, शाळेत जयभीम म्हणू नकोस.

अरे, 40 लाखांचं कर्ज काढलं आणि व्याज नऊ टक्के धरलं तर वीस वर्षांत 86 लाखांवर रक्कम भरावी लागते. महिन्याला छत्तीस हजार. एवढे मोजून स्वतःच्या घरात चोरासारखं राहायचं? याला दलित ब्राह्मण म्हणू नको तर काय म्हणू?

1917 साली बडोद्याला बाबासाहेबांना कुणी घर दिलं नाही. कोलंबियाला शिकून आलेला माणूस पारशी नाव सांगून पारशांच्या विश्रामधामात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. दुसऱ्याच्या नावानं मिळालेलं छप्पर अकरा दिवस टिकलं. पुढं त्याच माणसानं दादरच्या हिंदू कॉलनीत, सवर्णांच्या मधोमध, राजगृह बांधलं. आपल्या नावानं. आपल्या पुस्तकांसाठी. यातून काय घ्यायचं ते आपण ठरवा.

आणि घर मिळालं म्हणजे लढाई संपली असं समजू नका. कितीतरी सोसायट्यांत कामवाल्यांची लिफ्ट वेगळी असते. त्या लिफ्टनं कोण वर जातं? धुणंभांडीवाली, झाडूवाला, कचरा उचलणारा. आपलीच मावशी, आपलाच मामा. तुम्ही आरशाच्या लिफ्टमधून वर आणि मावशी बादलीसकट मागच्या लिफ्टमधून. गावात वेस होती. इथं बटणं आहेत, एवढाच फरक.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. दारावर पूर्ण नाव लावा, ठळक. सभासदत्वाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 धरतो. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि निबंधकाकडं अपील करा. जात काढली तर पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका, पाचजण जा. ज्या पोराला एजंटनं परत पाठवलं, त्याला 'जाऊ दे, दुसरीकडं बघू' म्हणू नका. त्याच्यासंगं त्या गेटवर परत जा.

आणि सोसायटीच्या सभेत ज्या दिवशी हात वर करायचा हक्क मिळेल, त्या दिवशी पहिला ठराव मांडा. लिफ्ट सगळ्यांना एक. कामवाल्यांना प्यायचं पाणी, बसायला जागा, संडास. ठराव पडेल. पडू द्या. पुढच्या सभेत परत मांडा. कुणी विचारलं, तुमचा या बायांशी काय संबंध? तर सगळ्यांसमोर सांगा,

ही माझी फॅमिली आहे.

जय भीम.