'मालफंक्शन ५४'चा धडा

मार्च १९८६. अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथे कॅन्सरच्या एका रुग्णाला किरणोपचार देताना जबर झटका बसला. 'थेरॅक-२५' यंत्राच्या पडद्यावर मात्र 'मालफंक्शन ५४' एवढेच उमटले आणि मात्रा कमी पडल्याचा आकडा दिसला. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे कळ दाबून उपचार पुढे चालू केले. रुग्णाला पुन्हा झटका बसला. कंपनीच्या अभियंत्यांना तपासणीत दोष आढळला नाही. जादा मात्रा जाणे शक्यच नाही, असा निर्वाळा मिळाला. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि तीन आठवड्यांच्या आत दुसरा रुग्ण होरपळला. पुढे दोघेही दगावले.

दोष शोधला तो तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञाने, ऑपरेटरला शेजारी बसवून. सरावामुळे तिची बोटे भराभर चालत. उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप झाला, तर ती आठ सेकंदांच्या आत दुरुस्त करी. तेवढ्या अवधीत यंत्रातील चुंबक जागेवर येत असत आणि ही दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्या तपासनिसाला हा दोष दिसणार कसा?

तोच दोष आधीच्या 'थेरॅक-२०'मध्येही होता. पण तिथे सॉफ्टवेअर चुकले, तरी स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा झोत रोखत असे. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून ती काढून टाकली गेली. १९८५ ते १९८७ दरम्यान असे सहा अपघात झाले.

चाचणीत चूक सापडली नाही, याचा अर्थ चूक नाही, असा होत नाही. डॉक्टर 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून रुग्णाची कळ खोटी ठरवत नाही. यंत्राच्या बाबतीतही तोच न्याय हवा. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आले, हे योग्यच झाले. पण प्रमाणपत्रावर काम संपत नाही. चाचणी खऱ्या वापरकर्त्याच्या हातांनी, त्याच्या घाईसह व्हावी. धोक्याचा संदेश आकड्यात न देता वाचणाऱ्याला कळेल अशा शब्दांत द्यावा. आणि रुग्ण 'भाजले' म्हणत असताना पडदा 'मात्रा कमी' सांगत असेल, तर आधी यंत्र बंद करावे. शंका रुग्णावर नव्हे, यंत्रावर घ्यावी.