किल्ल्याचा इतिहास आणि गाण्याचा इतिहास वेगळा कसा?

१/ कोणत्याही इतिहास परिषदेची कार्यक्रमपत्रिका पाहा. लष्करी इतिहास एका सत्रात, प्रादेशिक दुसऱ्यात आणि गाणी ‘लोकसंस्कृती’च्या नावाखाली अखेरीस, बहुधा जेवणानंतर. ही विभागणी सोयीची असली, तरी इतिहासावर अन्याय करणारी आहे, असे माझे मत आहे.

२/ जर्मनीतील उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतील हिंदी सैनिक बर्लिनजवळील व्यून्सडॉर्फच्या छावणीत कैदेत होते. प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने त्यांच्या बोली, कथा आणि गाणी मुद्रित केली.

३/ आयोगाला भाषांचे नमुने हवे होते. बोलणारे बंदिवान होते, हे विसरता येत नाही. तरीही सरकारी दप्तरांत क्वचितच उमटणारा साधा शिपाई तेथे ऐकू येतो. हा ठेवा युद्धाच्या इतिहासाचा, संगीताच्या की त्या शिपायाच्या मुलखाच्या? तिन्हींचा.

४/ आता आपल्याकडे येऊ. पेणच्या रामवाडीहून वडखळ, अलिबाग करत रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई लागते. तेथील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. लष्करी इतिहासाचे सत्र बहुधा येथेच संपते.

५/ पण पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठीच्या संपर्कातून घडलेली बोली अजून जिवंत आहे. तिच्यात गाणीही आहेत. तोफा थंडावल्या, सत्ता गेली. बोली मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. किल्ल्याने माणसांच्या जगण्यात काय मागे ठेवले, हे तटबंदी सांगत नाही. ते ही बोली सांगते.

६/ आक्षेप ठाऊक आहे: गाणे म्हणजे पुरावा नव्हे. राजवाड्यांनी अस्सल कागदांचा आग्रह धरला, तो योग्यच होता. गाण्यावरून लढाईची तिथी ठरवू नये. परंतु कोणी काय लक्षात ठेवले आणि काय विसरले, याचा पुरावा गाण्यातच मिळतो. बखरीला लावतो तीच कसोटी त्यालाही लावावी.

७/ म्हणून रायगड जिल्ह्यात भरणाऱ्या प्रत्येक परिषदेत किमान एक सत्र एकाच स्थळाचे असावे: त्याचा किल्ला, त्याची माणसे, त्याची गाणी. आणि गाणाऱ्यांना करमणुकीसाठी नव्हे, तर जाणकार म्हणून व्यासपीठावर बोलवावे. कोर्लईची बोली बोलणारे मोजकेच आहेत. तट अजून काही शतके थांबेल. त्यांचा आवाज थांबणार नाही.