मांडव हलवावा लागतो तेव्हा

कार्य ठरलेलं असावं, पत्रिका वाटून झालेल्या असाव्यात आणि तेव्हाच कार्यालय बदलायची पाळी यावी, यासारखी दुसरी तारांबळ नाही. आचाऱ्याला निरोप, वाजंत्रीवाल्याला निरोप, आणि मामेसासूबाई जुन्याच पत्त्यावर जाऊन बसतील म्हणून त्यांच्याकडे वेगळा माणूस! ही धांदल आपल्याला नवी नाही. पण अशीच धांदल अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेची झाली होती. तिच्यातून आपल्या घरातही उपयोगी पडेल असं काही निघतं, म्हणून आज ती हकिगत. शिवाय तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या लेकी-सुना तिकडे आहेत. नात बास्केटबॉल खेळते असं फोनवर कळलं, की ‘हो का, छान!’ याच्यापुढे आपली गाडी सरकत नाही. आता थोडी तरी सरकेल.

आधी ओळख करून घेऊ या. तिकडे बरीच विद्यापीठं मिळून खेळांसाठी एक मंडळ करतात. त्याला म्हणतात कॉन्फरन्स. पूर्व किनाऱ्याकडच्या अशाच एका मोठ्या मंडळाचं नाव अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. हिवाळाभर मुली एकमेकींच्या कॉलेजात जाऊन सामने खेळतात आणि मार्चच्या सुरुवातीला संघ एका गावी जमतात. हरला तो घरी, जिंकेल तो पुढे. शेवटी जो जिंकतो त्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. म्हणजे कॉलेजच्या चार वर्षांत एखाद्या मुलीच्या वाट्याला फार तर चार वेळा येणारा हा सण.

मुलींची ही स्पर्धा पहिल्यांदा भरली १९७८ साली, व्हर्जिनिया विद्यापीठात. पुढे फेएटव्हिल, रॉक हिल, शार्लट अशी गावं फिरून २००० साली ती नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी आली आणि तिथेच रुजली. वीस हजारांवर माणसं बसतील एवढं तिथलं क्रीडागृह. मंडळातली ड्यूक, नॉर्थ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना स्टेट आणि वेक फॉरेस्ट ही चार विद्यापीठं त्याच राज्यातली, त्यामुळे मुलींच्या घरच्या माणसांना येणंजाणं सोपं. सतरा वर्षं एकाच गावी सण झाला, की ते गावच माहेर होऊन जातं.

मग आलं २०१६ साल. त्या राज्यातल्या शार्लट शहराने फेब्रुवारीत एक नियम केला होता, की तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींना कुठे भेदभावाने वागवू नये आणि ज्याला आपण स्त्री आहोत किंवा पुरुष आहोत असं वाटतं त्याने त्याप्रमाणे स्वच्छतागृह वापरावं. राज्य सरकारला ते रुचलं नाही. २३ मार्च २०१६ रोजी राज्याने कायदाच केला: सरकारी इमारतींत आणि सरकारी शाळा-कॉलेजांत जन्मदाखल्यावर जे लिंग लिहिलं असेल त्याच स्वच्छतागृहात जायचं, आणि गावोगावच्या नगरपालिकांनी राज्याहून वेगळे असे संरक्षणाचे नियम करायचे नाहीत. हे बायका-मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे असं कायद्याच्या बाजूचे म्हणत. ज्यांच्यापासून कुणालाच धोका नाही अशा माणसांची यात उघड उघड अवहेलना आहे, असं विरोधक म्हणत.

‘एवढंसं स्वच्छतागृह, आणि त्यावरून केवढं रामायण!’ असं कुणाला वाटेल. पण एस.टी.च्या लांबच्या प्रवासाला निघताना सकाळपासून पाणीच न प्यायलेली बाई तसं म्हणणार नाही. घराबाहेर पडलेल्या माणसाला हक्काचा आडोसा असणं म्हणजे काय, ते आपल्याइतकं कुणाला कळावं?

कायद्याविरुद्ध देशभर ओरड झाली. व्यावसायिक बास्केटबॉलवाल्यांनी आपला २०१७चा मोठा सामना शार्लटहून हलवायचं जुलैत ठरवलं आणि पुढे तो न्यू ऑर्लिन्सला नेला. १२ सप्टेंबरला कॉलेजांच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या सात स्पर्धा राज्याबाहेर काढल्या. दोन दिवसांनी आपल्या या मंडळानेही तेच केलं. फुटबॉलपासून पोहण्यापर्यंतच्या स्पर्धा हलल्या, आणि मुलींची बास्केटबॉल स्पर्धाही. मार्चचं कार्य, आणि सप्टेंबरात कार्यालय मोडलं!

नवं ठिकाण ठरलं साउथ कॅरोलिनातल्या कॉनवे गावचं. मर्टल बीच म्हणून समुद्रकाठचं हवा खायचं ठिकाण आहे, त्याच्या जवळच. तिथल्या कोस्टल कॅरोलिना विद्यापीठाचं क्रीडागृह मिळालं. बसायच्या जागा चार हजारांहूनही कमी. हे विद्यापीठ मंडळातलं सभासदसुद्धा नव्हे, म्हणजे शेजारणीच्या ओसरीवर कार्य उरकावं तसं. गंमत अशी, की राष्ट्रीय संस्थेने ह्याच साउथ कॅरोलिनावर कितीतरी वर्षं अशाच स्पर्धांसाठी बहिष्कार घातला होता, कारण गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैन्याचं निशाण तिथल्या विधानभवनासमोर फडकत होतं. २०१५ साली ते उतरवलं तेव्हा बहिष्कार उठला. काल वाळीत असलेलं घर आज यजमान झालं!

आता खरी मेख ऐका. याच मंडळाची मुलांचीही बास्केटबॉल स्पर्धा असते. पैसा, प्रसिद्धी, गर्दी, सगळं तिथे जास्त. तिचं काय झालं? काही नाही! ती त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या मोठ्या क्रीडागृहात व्हायची हे आधीच ठरलेलं होतं, आणि ती तिथेच झाली. यात कुणाचा कट नव्हता, योगायोगच. पण बास्केटबॉलपुरतं बघाल तर तत्त्व सगळ्या मंडळाचं आणि बोचकी बांधली मुलींनी.

म्हणून तो निर्णय चुकला असं मात्र मला म्हणायचं नाही. ग्रीन्सबरो गावाचाच इतिहास पाहा. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी तिथल्या वूलवर्थच्या दुकानातल्या उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसले आणि उठेनात. मग गावातल्या बेनेट कॉलेजच्या काळ्या मुलीही पुढे सरसावल्या. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, गल्ला आटला आणि जुलैत त्या दुकानाने सगळ्यांना वाढायला सुरुवात केली. दाराशी अडवलेल्या माणसासाठी आपण आपली ये-जा थांबवायची, हा धडा त्या गावानेच जगाला दिला आहे. पण १९६० साली तोटा झाला तो दार अडवणाऱ्या दुकानदाराचा. २०१७ साली ज्या गावाचा सण गेला, त्या गावाने काही तो कायदा केला नव्हता. केला होता राज्याच्या विधिमंडळाने.

पुढचं थोडक्यात सांगते. कॉनवेला पंधराही संघ आले. ५ मार्च २०१७ रोजी नॉत्र दाम विद्यापीठाच्या मुलींनी ड्यूकला ८४-६१ असं हरवलं. जागा लहान म्हणून कुणी कमी खेळलं नाही. त्याच महिन्यात, ३० मार्चला, राज्याने तो कायदा मागे घेऊन तडजोडीचा दुसरा केला. तो सगळ्यांना पटला असं नाही, कारण नगरपालिकांचे हात तेव्हाही काही वर्षांसाठी बांधलेलेच राहिले. पण २०१८ साली स्पर्धा ग्रीन्सबरोला परतली. त्या वर्षी लुइव्हिलने नॉत्र दामवर ७४-७२ असा निसटता विजय मिळवला. २०२५ पर्यंत तिचा मुक्काम तिथेच होता. २०२६ साठी जॉर्जियातलं डुलुथ निवडलं गेलं.

मैत्रिणींनो, आपल्या घरात याहून वेगळं काय घडतं? दोन भावांत मानापमान होतो. ‘यंदा गणपती त्या घरी नाही, आमच्याकडे!’ असं पुरुषमंडळी बैठकीत ठणकावून सांगतात. कारण रास्तही असतं. पण मखर, समया, तांब्याची भांडी आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक या घरून त्या घरी कोण हलवतं? आणि ‘वहिनी, आता तुझ्याकडे कशी येऊ गं?’ हे चोरून फोनवर कोण बोलतं? बाणा घराचा, धावपळ बायकांची.

तेव्हा तुमच्या घरी मांडव हलवायची वेळ आली, तर इतकं करा. पहिलं, कारण नीट विचारून घ्या, आणि ते रास्त असेल तर मागे हटू नका. गैरसोय होते एवढ्यावरून अन्याय गिळायचा नसतो. दुसरं, निर्णयाच्या बैठकीत, चहाचा ट्रे ठेवून आत न जाता, बसा. तिसरं, तिथेच विचारा, की याची झळ कुणाला लागणार आणि ती वाटून कशी घ्यायची? सामान कोण नेणार, जास्तीचा खर्च कोण सोसणार, ज्यांचा दोष नाही त्या घरी समजावायला कोण जाणार, हे त्याच वेळी नावानिशी ठरवा. चौथं, परतीची वाट उघडी ठेवा. काय झालं म्हणजे आपण पुन्हा त्या घरी जाऊ, ते स्पष्ट बोललेलं असलं की रुसवा जन्माचा होत नाही.

आणि नातीचा फोन आला, की तिला एवढं जरूर विचारा: “तुमचा सामना यंदा कुठे आहे गं, आणि ते ठिकाण ठरवलं कुणी?”