कॉमर्सवाल्यांनाही पेशी शिकवा

आपण इथे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो, गणपतीच्या, सराफ्याच्या. आज जरा वेगळं मांडतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

नात यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिची जर्नल चाळली. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी अगदी सुबक काढलेल्या. म्हटलं, "कशा दिसल्या गं?" तर म्हणे, "पाहिल्याच नाहीत आबा. मायक्रोस्कोप कमी, मुलं जास्त. सीनियरच्या जर्नलवरून उतरवल्या."

रविवारी हिने कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं, पाणी सुटलं. मी नातीला विचारलं, "हे का होतं?" ती थबकली, मग ओरडलीच, "अगं बाई, हेच की ऑस्मॉसिस!" बाहेर मीठ जास्त झालं की पेशीच्या पडद्यातून पाणी बाहेर येतं. ह्याच प्रश्नाला तिला पूर्ण मार्क मिळाले होते, पण काकडीशी संबंध त्या दिवशी लागला.

मग तिने मला इन्शुलिन समजावलं. स्वादुपिंडातून ते रक्तात येतं, तेव्हा स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी साखर आत घेतात. ते नसेल तर रक्तात साखर तुंबते आणि पेशी उपाशी राहतात. मला एकदम पटलं. तिजोरी भरलेली, काउंटरवर रोकड नाही! एटीपी म्हणजे हातातली रोकड, ग्लायकोजेन म्हणजे बचत खातं, चरबी म्हणजे मुदत ठेव. बँकेत आयुष्य गेलं, पण स्वतःच्या शरीराचा हिशेब सत्तरी उलटल्यावर कळला.

हसू आलं, आणि मग दादा आठवला. त्याला डॉक्टरांनी इन्शुलिन सांगितलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, एकदा सुई लागली की सुटत नाही. मीही मान डोलावली होती. दादाने टाळलं. पुढे पायाची जखम भरेना, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही दोघेही कॉमर्सचे, ताळेबंदात पैशाची चूक न सोडणारे. इन्शुलिन म्हणजे व्यसन नव्हे, शरीरात जे कमी पडतंय तेच बाहेरून भरणं, एवढं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, प्रॅक्टिकल खरं व्हावं. कांदा, स्लाइड, थेंबभर रंग, ह्यात फार खर्च नाही. मायक्रोस्कोप कमी असतील तर पाळ्या लावा, पण प्रत्येक मुलाने पेशी स्वतः बघावी. दोन, 2020 च्या शिक्षण धोरणात दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याची मुभा आहे. तर पेशी आणि शरीरक्रियेचा एक सोपा पेपर कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांनी जरूर घ्यावा.

कुणी म्हणेल, हिशेबवाल्याला पेशी कशाला? अहो, शरीर काय फक्त सायन्सवाल्यांनाच असतं?

तुमच्या घरी कुणी हे शिकत असेल तर त्याला आज काकडीचं पाणी का सुटतं ते विचारा. उत्तर काय आलं ते खाली लिहा.