कायम झालास का?

नवी नोकरी लागली की मुंबईहून आई पगार विचारत नाही. ती विचारते, "कायम कधी होणार?" या प्रश्नाला आमच्या घरात मोठा इतिहास आहे. आजोबा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहत आणि गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी दरवाजाशी उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तरच त्या दिवसाचे काम आणि त्या दिवसाची मजुरी. त्यांच्या आधीच्या पिढीला तर अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि तिथे विटाळ आडवा येई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता.

दरवाजाशी उभे राहण्याची ती सवय आपण ब्रिटनमध्येही सोबत आणली आहे, असे मला वाटते. ऑफर लेटर हाती येते तेव्हा आपण पगाराचा आकडा पाहतो आणि सही करतो. प्रोबेशनचे कलम वाचायचे म्हणजे जणू आपल्याच कुवतीवर शंका घ्यायची! शाळेपासून स्वतःला सिद्ध करत आलेल्या माणसाला आणखी सहा महिन्यांची परीक्षा स्वाभाविक वाटते, आणि परीक्षार्थी प्रश्नपत्रिकेच्या अटींवर वाद घालत नसतो.

वस्तुतः येथील कायद्यात प्रोबेशन नावाची वेगळी अवस्था नाही. ते कराराने निर्माण केलेले कलम आहे. तीन महिने, सहा महिने, जे लिहिले असेल ते. कायदा फक्त किमान सूचना सांगतो. नोकरीला एक महिना झाला की मालकाने किमान एक आठवड्याची सूचना द्यावी; दोन वर्षांनंतर प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा, कमाल बारा. अन्याय्य बडतर्फीविरुद्ध सर्वसाधारण दाद मागण्यासाठी २०१२ पासून दोन वर्षांच्या सेवेची अट आहे. २०२५ च्या नव्या कायद्याने ती सहा महिन्यांवर आणली असून हा बदल १ जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. भेदभावाविरुद्धच्या तक्रारीला मात्र अशी सेवेची अट नाही. २०१० चा समता कायदा पहिल्या दिवसापासून लागू असतो. त्यात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे घालण्याचे काम सरकारने २०१८ मध्ये सोडून दिले, हे आपण विसरलेलो नाही. तरीही काही प्रकरणांत जात ही वांशिक मूळ या संज्ञेत बसू शकते, असे अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले आहे.

आता यात व्हिसा मिळवा. स्किल्ड वर्कर व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की मालकाने दहा कामकाजी दिवसांत ते गृहखात्याला कळवायचे असते. त्यानंतर गृहखात्याचे पत्र येते आणि साधारणपणे साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवा प्रायोजक शोधून अर्ज करायचा, नाहीतर मुलांची शाळा सोडवून विमानाची तिकिटे काढायची. इथे जन्मलेल्या सहकाऱ्याच्या करारात आणि आपल्या करारात तोच ‘एक आठवडा’ लिहिलेला असतो. त्याला तो आठवडा गैरसोयीचा असतो. आपल्या घरात त्याच आठवड्यापासून दिवस मोजायला सुरुवात होते.

हे मी स्वतः मोजले आहेत. माझ्या दुसऱ्या नोकरीत प्रोबेशन सहा महिन्यांचे, त्या काळात सूचना एक आठवड्याची आणि पुढे तीन महिन्यांची होती. सहा महिने संपले, व्यवस्थापक तोंडी म्हणाले, सारे उत्तम आहे. नऊ दिवसांनी पत्र आले: प्रोबेशन तीन महिने वाढवले आहे. कारण एका ओळीत होते, मी संघात पुरेसा मिसळत नाही. त्याच महिन्यात एका देशबांधव सहकाऱ्याने माझे आडनाव आणि गाव बारकाईने विचारले होते. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या रात्री पत्नीने करार काढला आणि मोठ्याने वाचला. मुदतवाढ द्यायची असल्यास मूळ मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट होते. सकाळी मी चार ओळींचा ईमेल लिहिला. तक्रारीचा शब्द नाही, फक्त कलमाचा क्रमांक आणि दोन तारखा. आठवडाभरात पत्र मागे घेतले गेले.

पुढे त्याच तीन महिन्यांनी मला अडवलेही. नवी कंपनी इतके थांबायला तयार नव्हती. विनंत्या करून सहा आठवड्यांवर तडजोड झाली. लांब सूचना-मुदत ही आपल्यालाही बांधणारी दोरी आहे. म्हणून सही करण्यापूर्वीच विचारावे की प्रोबेशनमध्येही एक महिन्याची सूचना मिळेल का आणि नंतरचे तीन महिने दोनवर येतील का. नकार मिळाला तरी विचारले म्हणून ऑफर मागे घेतल्याचे माझ्या ओळखीत तरी एकही उदाहरण नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, भारतात औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. कामाच्या अटी मालकाच्या मर्जीत न राहता निश्चित शब्दांत लिहिल्या जाव्यात, हा त्याचा हेतू. त्याखालील आदर्श नियमांत प्रोबेशनर कोण याची व्याख्या होती आणि मुदत होती तीन महिन्यांची. त्याहून मला भावते ते दुसरे कलम: मंजूर झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कारखान्याच्या दरवाजापाशी, खास फलकावर लावायचे. ज्या दरवाजाशी आजोबांसारखी माणसे उभी असत, तिथेच.

आपल्या मंडळात दरवर्षी नवी मुले येतात. जयंतीच्या जेवणावळीत आपण त्यांना तांदूळ कुठे स्वस्त मिळतो ते सांगतो. करारातल्या सूचनेच्या कलमाबद्दल कोणी बोलत नाही. पुढच्या महिन्यापासून वंदनेनंतर एक टेबल त्यासाठी ठेवावे, अशी माझी सूचना आहे. मी दोन तास बसायला तयार आहे. येणाऱ्याने सही करण्यापूर्वी ऑफर लेटरची छापील प्रत आणावी. पगाराचा आकडा खोडून आणला तरी चालेल.